सुटलेला बॉल

अहमदाबाद
११ ऑगस्ट २०१३

हेमकांत,

तू फोन उचलत नाहीस, आणि गेल्या आठवड्यापासून माझा फोन तुला लागतच नाही. ब्लॉक केला असशील. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणून पत्र. घरी आम्ही आपल्या नवापूरकडची आदिवासी कोकणी बोलतो. तुझ्याबरोबर तीन वर्षं राहून अहिराणी बोलायला शिकलो, पण लिहिता येत नाही. तेव्हा कॉलेजातल्या मराठीत लिहितो.

नवापूरच्या फायनलला मंडपात खुर्चीवर पांढरी टोपी घातलेला एक माणूस बसला होता, तुला आठवत असेल. तो इथल्या एका क्लबचा सेक्रेटरी. मॅचनंतर आठवड्याने त्याचा फोन आला. आता मी इथे आहे. एका खोलीत सहा जण. एक मणिपूरचा, दोन केरळचे, बाकी गुजराती. सकाळी साडेपाचला मैदान. शहाद्याला कॉलेजात आपण त्याच वेळी उठायचो. मी पन्नास शॉट मारायचो, तू चाळीस धरायचास आणि उरलेल्या दहांसाठी दिवसभर माझं डोकं खायचास. इथला कीपर वीससुद्धा धरत नाही.

मी दवाखान्यात तीनदा आलो होतो. तिसऱ्यांदा तुझी आई दारात उभी होती. सिंधुमावशी कधी माझ्याशी वाकडं बोलली नाही, तेव्हाही नाही. "आते जाय, भाऊ. त्याले झोप लागेल शे," एवढंच म्हणाली. तू झोपलास म्हणे, पण दाराच्या फटीतून तुझे पाय हलताना मला दिसत होते.

तुझा उजवा हात माझ्या बुटाखाली आला, हे खरं आहे. पण बॉल सुटला होता, हेमकांत. आमच्या मगनचा क्रॉस जोरात आला, बॉल तुझ्या हातातून सुटला आणि मी पाय घातला. स्ट्रायकर दुसरं काय करणार? तूच मला सांगायचास की कीपरच्या हातून बॉल सुटेपर्यंत आशा सोडू नकोस. त्या दिवशी आपण एका टीममध्ये असतो तर तूच मला उचलून घेतलं असतंस.

जूनची रेल्वेची ट्रायल हुकली, त्याचं वाईट वाटतं. पुढच्या वर्षी परत असेलच.

दानियल


म्हापसा, गोवा
३ डिसेंबर २०१५

हेमकांत,

तुझं लग्न झाल्याचं कॉलेजातल्या भूपेशने सांगितलं. मुलीचं नाव चेतना, दोंडाईचाची आहे, शिकलेली आहे, एवढं कळलं. तुम्हा दोघांना शुभेच्छा. मला बोलावणं नव्हतं, ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी मी इथल्या मैदानावर सराव करताना तुझ्या नावाने एक गोल मारला. रिकाम्या जाळीत मारला, त्याचं काही कौतुक नाही.

अहमदाबादला दोन सीझन काढले. मग सहा महिने मुंबई. आता गोव्याच्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये आहे. इथे रविवारी चर्च सुटलं की सगळं गाव मैदानावर येतं. म्हाताऱ्या बायका छत्री घेऊन बसतात आणि रेफ्रीला शिव्या देतात. समुद्र सायकलवर वीस मिनिटांवर आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा प्रकाशा गावाजवळची तापी मला एकदम लहान वाटली, आणि घरची आठवण येऊन वाईट वाटलं.

या वर्षी सात गोल झाले. चार हेडर, दोन लांबून, एक पेनल्टी. आमचा कोच म्हणतो, तू चांगला आहेस पण बॉलपाशी उशिरा पोचतोस. मला तसं वाटत नाही. मी वेळेवर पोचतो.

मेमध्ये माझंही लग्न आहे. रिबेका नाव, चिंचपाड्याला नर्स आहे. तिला तुझ्याबद्दल सांगितलंय. म्हणजे आपण एका खोलीत राहायचो, ते सांगितलंय.

दानियल


कोलकाता
२२ जुलै २०१८

हेमकांत,

पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचतात. वाचतोस की नाही, माहीत नाही.

मध्ये बंगळुरूला होतो. तिथून इथे आलो, खालच्या डिव्हिजनचा क्लब आहे. पाऊस पडून मैदानाचं पार शेत झालंय. बूट रुतला तर पाय निघतो, बूट निघत नाही. आपल्याकडे भात लावताना होतं ना, तसं. पण लोक बघायला येतात. एका म्हाताऱ्याने परवा मला मिठाईचं मातीचं मडकं आणून दिलं आणि म्हणाला, आज दोन गोल मार. मी एक मारला. तो रागावला.

इथले कोच सत्तरीचे आहेत. गेल्या आठवड्यात सरावानंतर त्यांनी मला बाकावर शेजारी बसवलं आणि मोबाइल काढला. नातवाकडून मॅचचे तुकडे जोडून घेतले होते. चार तुकडे. चारही वेळा बॉल माझ्या आणि कीपरच्या मध्ये आहे, कीपर खाली झेपावतो, आणि मी पाय काढून घेतो. चारही वेळा. एकदा तर मी तोंड फिरवलं होतं.

ते हिंदीत म्हणाले, "बेटा, कुठे दुखापत झाली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग कोणाला झाली होती?"

मी म्हणालो, चिखलामुळे होतं, सर. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. पुढच्या मॅचला मी बाहेर होतो.

रिबेकाला मुलगी झाली. नाव अजून ठेवलं नाही. मी तिला मोबाइलवरच पाहिली. सीझन संपल्याशिवाय सुट्टी नाही, आणि सीझन संपल्यावर क्लब ठेवेल असंही वाटत नाही.

दानियल


नवापूर
९ नोव्हेंबर २०२१

हेमकांत,

दीड वर्ष घरीच होतो. कोरोनात सगळ्या लीग बंद पडल्या आणि माझा क्लब तर नावासकट गेला. वडिलांबरोबर भात काढला, तूर केली. मुलगी आता मला ओळखते. आधी पाहुणा समजायची.

पुढच्या आठवड्यात केरळला जातोय. तिथे सात-सात जणांच्या टीमच्या स्पर्धा होतात, कापणी झालेल्या शेतात बांबूच्या गॅलऱ्या बांधतात. एकोणतिसाव्या वर्षी तेवढंच मिळतंय. रिबेका म्हणाली, जाऊन ये, नाहीतर इथे बसून भिंतीला लाथा मारशील.

एक गोष्ट सांगायची होती. दिवाळीच्या आधी मी तुला पाहिलं. नंदुरबारच्या बसस्टँडवर, शहाद्याच्या गाडीजवळ. तुझ्याबरोबर चेतनावहिनी असाव्यात, आणि एक मुलगा. तू त्याला डाव्या हातावर घेतलं होतंस. पिशवी त्याच हाताच्या कोपरात अडकवली होतीस. कंडक्टरने तिकीट दिलं तेव्हा ते वहिनींनी घेतलं.

मी रसवंतीच्या मागे उभा राहिलो, गाडी सुटेपर्यंत. तू खिडकीपाशी बसलास. जाडा झालास जरा. बरा दिसत होतास.

हाक मारायला हवी होती.

दानियल


इंदूर
२१ जानेवारी २०२४

हेम्या,

कॉलेजात याच नावाने हाक मारायचो, आज तसंच लिहितो. तुला राग आला तर पुढचं वाचू नकोस. पण वाचलंस तर बरं होईल.

केरळहून परत मुंबई, मग इथे. आठ क्लब झाले. कालची सेमीफायनल जिंकलो असतो तर क्लबला मोठ्या लीगच्या पात्रता फेरीत जागा मिळाली असती. पंच्याऐंशीव्या मिनिटाला बॉल माझ्यासमोर आला. मागे कोणी नाही, पुढे फक्त कीपर, एकोणीस-वीस वर्षांचा. तो खाली झेपावला. बॉल अजून त्याच्यापासून लांब होता, हेम्या. स्वच्छ माझा होता. आणि माझा पाय मागे आला. डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पोरगा बॉल धरून बसला होता आणि त्यालाच आश्चर्य वाटत होतं. नंतर आमच्यावर गोल झाला.

सामान आवरताना आमच्या कॅप्टनने विचारलं, "दानियलभाई, काय दिसतं तुला तिथे?"

त्याला सांगितलं नाही. तुला सांगतो.

बॉल सुटला नव्हता. मगनचा क्रॉस तू दोन्ही हातांनी घेतलास आणि खाली आलास, छातीशी ओढत होतास. मला दिसलं. पूर्ण दिसलं. आपल्यात दीड पाऊल अंतर होतं आणि दीड पावलात माणूस थांबू शकतो, मी सरावात रोज थांबायचो. मंडपाकडे मी बघत नव्हतो, पण तो पांढऱ्या टोपीवाला तिथे बसलाय, हे माझ्या डोक्यातून क्षणभरही जात नव्हतं. मी पाय घातला. तुझी बोटं होती तिथेच घातला, कारण बॉल तिथे होता.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग बॉल बाजूला आला आणि तू ओरडत होतास. मला वळून तुझ्याकडे येता आलं असतं. मी आधी बॉल जाळीत ढकलला. रेफ्री मागे राहिला होता, त्याला दिसलं नाही. सगळं गाव मैदानात धावत आलं आणि त्यांनी मला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून मला तू दिसत होतास.

अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगितलं की बॉल सुटला होता. रिबेकालाही. तुलाही, पहिल्याच पत्रात. ज्या माणसाच्या हातात बॉल होता त्यालाच मी ते लिहिलं.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो. उत्तर देऊ नकोस, चालेल.

तुझा
दानियल


इंदूर
१४ फेब्रुवारी २०२४

हेम्या,

तुझं पत्र काल मिळालं. क्लबच्या पत्त्यावर आलं, वॉचमनने आणून दिलं. पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं नाही. तुझं अक्षर सुरेख होतं, माझे फॉर्मसुद्धा तू भरायचास. आत वाचलं तेव्हा कळलं की तू डाव्या हाताने लिहितोस.

पाचच ओळी. मला पाठ झाल्यात. "पाचही पत्रं मिळाली, ठेवली आहेत. बॉल हातात होता हे मला माहीत आहे, हात माझाच होता. तू गोव्याचा समुद्र लिहिलास, कोलकात्याचा चिखल लिहिलास, माझ्या लग्नाला गोल मारलास. बसस्टँडवर मला बघून रसवंतीमागे उभा राहिलास, तेही लिहिलंस. हात कसा आहे, हे पाच पत्रांत एकदाही विचारलं नाहीस."

मी हे रिबेकाला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नर्सची नोकरी करते मी. भेटायला येणारे दारातून आत आल्या आल्या आधी तेच विचारतात, दानियल."

मला भीती होती की विचारलं तर तू खरं सांगशील. दुसरं कारण नाही.

तुझा हात कसा आहे?

दानियल


नवापूर
३० एप्रिल २०२४

हेम्या,

इंदूरच्या क्लबने सोडलं. त्यामुळे तुझ्याकडे यायला सबब उरली नव्हती. तुझ्या घरी मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितो.

ब्राह्मणपुरीच्या फाट्यावर उतरून तुझ्या पपईच्या बागेपर्यंत चालत आलो. वाटेत दोनदा परत फिरलो. सिंधुमावशी ओट्यावर डाळ निवडत होती. तिने मला लगेच ओळखलं. मला वाटलं, पुन्हा जा म्हणेल. ती म्हणाली, "कितला वाळी गया रे तू." आणि आत जाऊन ताट घेतलं. तू आलास तेव्हा माझ्यासमोर भाकर होती आणि मी ती नुसती मोडत होतो.

तू म्हणालास, "हात दखाले उना का?"

मी हो म्हणालो.

"जेव पहिले. मंग दख."

जेवण झाल्यावर तू हात माझ्या मांडीवर ठेवलास. तुला वाटलं असेल मी फक्त पाहीन. मी धरला. मनगट वळत नाही. मधली दोन बोटं अर्धी मिटतात आणि थांबतात. थंडीत दुखतो, तू म्हणालास. पेन धरता येत नाही, शर्टाची बटणं चेतनावहिनी लावतात. फवाऱ्याचा पंप डाव्या हाताने चालवतोस. पहिली दोन वर्षं पोरं मैदानावर बोलवायची, तेव्हा तू शेतात जाऊन बसायचास. हे सगळं तू पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलंस, आणि मी एकेक बोट धरून ऐकत होतो.

मग तू म्हणालास, "बॉल मन्हा हातमा व्हता, ते माले माहित व्हतं. तुले दिसना का नही, इतलंच माहित नव्हतं. अकरा वरीस तोच इचार करं."

मी म्हणालो, "दिसला होता."

"हा. आते समजनं."

तू हात काढून घेतला नाहीस. थोड्या वेळाने तू विचारलंस, "पाय काब्र काढस तू?" मी म्हणालो, भीती वाटते. कीपर झेपावला की मला हात दिसतो. तू वहिनींना चहा टाकायला सांगितलंस.

मी घरी आलो आणि रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिलो. आमच्याकडे कोणीही उभं राहून देवाने काय केलं ते सांगतं, बहुतेक आजारातून उठलेले लोक सांगतात. मी त्या फायनलबद्दल सांगितलं. तो कप चर्चच्याच कपाटात आहे, गावाने जिंकलेला एकुलता एक. मी म्हणालो, तो गोल नव्हता, फाऊल होता, मी मुद्दाम केला होता, आणि ब्राह्मणपुरीच्या हेमकांत पाटलाचा हात त्यात कायमचा गेला.

बाहेर आल्यावर मगनने मला गाठलं. तेव्हा तो आमचा कॅप्टन होता, आता जीप चालवतो. तो ओरडला नाही. म्हणाला, "आपल्या गावाकडे सांगायला एकच गोष्ट होती. तीही नेलीस." आणि जीप घेऊन निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

आई माझ्यामागून चालत आली. तिला, मोगराबाईला, तू ओळखतोस, ती कमी बोलते. घराजवळ आल्यावर म्हणाली, "त्या मुलाच्या आईला मी तेव्हाच भेटायला जायला हवं होतं. मी खांद्यावरच्या माझ्याच मुलाकडे बघत राहिले."

रडलो मी जरा. तुला लिहायला हरकत नाही.

दानियल


बडोदा
१ डिसेंबर २०२४

हेम्या,

जूनमध्ये तू आमच्याकडे आलास, त्यानंतर आजच लिहितोय. तू गेल्यावर मगन संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसला. तुम्ही दोघं काय बोललात ते त्याने सांगितलं. त्याने कप तुझ्यापुढे ठेवला आणि घेऊन जा म्हणाला, तेव्हा तू म्हणालास, "ऱ्हाऊ द्या. रेफ्रीनी शिट्टी वाजाडी नही." आणि मग त्याच्या जीपच्या इंजिनाबद्दल अर्धा तास बोलत बसलास. मगन म्हणाला, हा माणूस आपल्या टीमचा असायला हवा होता. मी म्हणालो, माझ्या टीमचाच होता.

मग बडोद्याहून फोन आला. छोटा क्लब, एक सीझन. तू फोनवर म्हणालास, जा. फोन उचललास, हेच मला खूप होतं.

काल शेवटची मॅच होती. जिंकलो असतो तर वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो असतो. एक-एक चालली होती, दहा मिनिटं उरली होती. पहिला गोल माझाच होता, हेडर. मग त्यांच्या एका डिफेंडरकडून बॉल चुकला आणि मी निघालो. समोर त्यांचा कीपर, दाहोदचा आहे, आदिवासी पोरगा, चांगला कीपर आहे. आम्ही दोघं एकदमच पोचत होतो. तो झेपावला.

मी डोळे मिटले नाहीत. पाय मागे आला नाही. मी शेवटपर्यंत बॉलकडे बघत होतो, आणि तो माझा असता तर मी मारला असता, हे मला पक्कं माहीत आहे. पण त्याचे हात आधी पोचले. दोन्ही. ते मी पाहिलं, आणि ठरवलं, आणि त्याच्यावरून उडी मारली. मी जाळीत जाऊन पडलो. बाकावरून कोच ओरडत होते, पाय का काढलास, तेच नेहमीचं. मला ते ऐकू येत होतं आणि लागत नव्हतं.

पोरगा बॉल छातीशी घेऊन उठला. "लगा तो नहीं, भैया?" त्याने मला विचारलं. मी म्हणालो, नाही, तुझे हात? त्याने दोन्ही हात उघडून दाखवले आणि हसला.

मग त्याने बॉल लांब मारला आणि मी मागे पळालो. एक-एकच राहिली. वर गेलो नाही. कोचने हात मिळवला आणि सांगितलं की पुढच्या वर्षी तरुण पोरं बघणार आहेत. मी म्हणालो, बघा, सर.

रिबेका आणि मुलगी स्टेशनवर घ्यायला येणार आहेत. मंगळवारी मी ब्राह्मणपुरीला येतो. थंडी पडली आहे, तुझा हात दुखत असेल. रिबेकाने मोहाचं तेल काढून ठेवलंय, ते आणतो. कसं चोळायचं ते तिने मला शिकवलंय. मीच चोळीन.

तुझा
दानियल